ती हसायची त्या तीन जागा

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. दचकू नका. परत देताना रिवाइंड करून द्या, असं सांगायला मी आलेली नाही. ते सांगून सांगून माझ्या पाठीवरचं लेबलसुद्धा थकलं आणि गळून पडलं.

काळ्या प्लास्टिकची डबी, आत दोन चाकं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली लांबच लांब फीत, एवढाच माझा जीव. कारखान्यात माझ्यासारख्या शेकडोजणी रांगेत बसवल्या होत्या आणि आम्हा सगळ्यांवर एकाच वेळी एकच सिनेमा उतरवला गेला. शेजारच्या रांगेच्या वाट्याला रडारड आली, पलीकडच्या रांगेला हाणामारी. आमच्या रांगेला हसू आलं. आम्ही स्वतःला भाग्यवान समजलो. हसू किती लवकर शिळं होतं हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

माझ्यातल्या सिनेमाचं नाव 'पाऊणशूर सरदार'. एके काळी तलवारींच्या सिनेमांची फार चलती होती. किल्ला, कैदेतली राजकन्या, दुष्ट सेनापती, झुंबराला लोंबकळून येणारा वीर. त्या सगळ्या सिनेमांची या एका सिनेमानं यथेच्छ टर उडवली होती. यातला सरदार झुंबराला लोंबकळतो, पण झुंबर त्याला हळूहळू, अगदी अदबीनं खाली आणून ठेवतं. जिन्यावर तलवारबाजी करता करता सरदार आणि सेनापती दोघांनाही धाप लागते. मग दोघं पायरीवर बसून एकमेकांच्या गुडघेदुखीची चौकशी करतात. आणि राजकन्येला सोडवायला सरदार पोचतो, तोवर ती स्वतःच किल्ल्याचा कारभार बघत असते. "बाहेर बसा, बोलावते," असं त्याला सांगते.

माझं पहिलं घर म्हणजे एक व्हिडिओ लायब्ररी. बोळकंडीएवढं दुकान, तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि मधे स्टुलावर लायब्ररीवाला. सुरुवातीला मला फुरसत नव्हती. आज या घरी, उद्या त्या घरी. माणसं किती तऱ्हेची असतात ते मी तेव्हा पाहिलं. कोणी जेवता जेवता मला बघायचे आणि हसताना घास अडकला की मलाच दोष द्यायचे. कोणी नुसतं पळवत पळवत शेवट गाठायचे. आणि मला पुन्हा पहिल्यापासून गुंडाळून ठेवण्याचा सगळ्यांनाच भारी कंटाळा.

पुढे नव्या कॅसेट आल्या. मी खालच्या फळीवर गेले, मग त्याहून खालच्या, आणि शेवटी झाडूशेजारी. आठवडेच्या आठवडे मला कोणी हात लावेना. तेव्हा एक बाई यायला लागल्या. चाळिशी उलटलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सिनेमाघराच्या तिकीट खिडकीवर त्यांनी बावीस वर्षं काढली होती. खिडकी सुटली, तरी समोरच्याला "किती?" असं विचारायची सवय सुटली नव्हती. दूधवाला दारात उभा राहिला तरी त्याच विचारायच्या, "किती?"

भाड्यानं आणलेल्या व्हिडिओ मशीनसोबत त्यांनी पहिल्यांदा मला घरी नेलं, तेव्हा दारातच वादावादी झाली.

"ही डबी माझ्या घरात नको," त्यांचे यजमान म्हणाले. "हिनंच आपलं सिनेमाघर गिळलं."

यजमान त्याच सिनेमाघरात ऑपरेटर होते. वर केबिनमध्ये उभं राहून मशीन चालवायची, रीळं लावायची, तुटलेली फिल्म जोडायची. सगळं गाव त्यांना ऑपरेटर म्हणूनच हाक मारायचं. आमच्यासारख्या कॅसेटी घरोघर पोचल्या, खुर्च्या रिकाम्या पडल्या आणि सिनेमाघराला टाळं लागलं. माणूस खोटं बोलत नव्हता. मी डबीतल्या डबीत अंग चोरून घेतलं.

"अहो, एकदा बघा तर," बाई म्हणाल्या. "नाही आवडलं तर उद्या परत देऊन येते."

ऑपरेटर पाठ करून बसले. पेपर तोंडासमोर धरला. पण झुंबर अदबीनं खाली यायला लागलं, तेव्हा पेपर थोडा खाली आला. मग एक प्रसंग आला, तो तुम्हाला नीट सांगायला हवा. पूर्वी रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटायचा. ऑपरेटरनं दुसरं मशीन सुरू करावं म्हणून ती खूण. प्रेक्षकांचं तिकडे लक्षही जायचं नाही. माझ्या सिनेमात तसा ठिपका उमटतो आणि एक शिपाई माशी समजून तो हाकलायला धावतो.

ऑपरेटर हसले ते खुर्चीतून घसरलेच. "अगं, चेंजओव्हर! चेंजओव्हरचा ठिपका हाकलतोय!" मग सिनेमा थांबवून त्यांनी बायकोला त्या ठिपक्याबद्दल सगळं समजावून सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी मी त्या घरी जायची. पुढे लायब्ररी बंद झाली, तेव्हा लायब्ररीवाल्यानं मला बाईंच्या हातात ठेवलं. "तुम्हीच ठेवा काकू. तुमच्याशिवाय हिला विचारतंय कोण!" बोलणं झोंबलं, पण घर मिळालं.

ते घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकुलती लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली, शाळेत भूमिती शिकवणारी. घरात दोघंच. रविवारी दुपारी चारला चहा व्हायचा आणि मी व्हिडिओच्या मशीनमध्ये जायची. वर्षांमागून वर्षं. दोघांना सगळा सिनेमा पाठ होता, तरी हसायचे. आणि मला एक गंमत ध्यानात आली होती. दोघांच्या हसण्याच्या जागा वेगवेगळ्या होत्या.

ऑपरेटर हसायचे ते बघून. झुंबर, जिना, ठिपका. बाई मात्र तीन ठिकाणी एकट्याच हसायच्या, आणि तिथं हसण्यासारखं काय आहे ते ऑपरेटरना उमगायचं नाही. एक, सरदाराचा घोडा पहिल्यांदा खिंकाळतो तिथं. दुसरी, महाराणी चक्कर येऊन पडते तिथं. आणि तिसरी म्हणजे एक अगदी साधा प्रसंग. एक पहारेकरी तटावर येरझाऱ्या घालतोय. आसपास कोणी नाही असं बघून तो गाणं गुणगुणायला लागतो. वरच्या सुरावर आवाज फाटतो. तो खाकरतो आणि थोडा खालून पुन्हा सुरुवात करतो. बस, एवढंच. तिथं बाई तोंडाला पदर लावून हसायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं.

एकदा ऑपरेटरनी विचारलं होतं, "यात एवढं काय आहे गं?"

"काही नाही हो," चष्मा पुसत त्या म्हणाल्या.

ऑपरेटरनी मान हलवली आणि सिनेमा पुढे बघायला लागले.

मग एका साध्या तापाचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत बाई गेल्या.

पाच-सहा महिने मला कोणी कपाटातून काढलं नाही. एका रविवारी चारला ऑपरेटरनी चहा केला. हात सवयीनं दोन कपांकडे गेला, मग एक कप त्यांनी परत फडताळात ठेवला. मला मशीनमध्ये घातलं. झुंबर आलं, ते नाकातल्या नाकात हसले. पुढे घोडा खिंकाळला आणि खोलीत काहीच झालं नाही.

ही शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. इतकी वर्षं त्या खिंकाळण्यावर बाईंचं हसू यायचं, ते मला सिनेमाचाच भाग वाटायला लागलं होतं. महाराणी पडली, पुन्हा काही नाही. पहारेकरी गायला, खाकरला. ऑपरेटर खुर्चीत ताठ बसून पडद्याकडे रोखून बघत राहिले. मग त्यांनी बटण दाबून मला मागे नेलं. पुन्हा पहारेकरी गायला. पुन्हा मागे. त्या दुपारी तो पहारेकरी अकरा वेळा गायला.

तिथून त्यांना ध्यासच लागला. ती का हसायची? बायकोला विचारायची वेळ निघून गेल्यावर माणसाला प्रश्न सुचतात, ही काही नवी गोष्ट नाही. पण हा माणूस कामाचा पक्का होता. त्यानं त्या तीन जागा तपासायला घेतल्या. टीव्हीला नाक लावून बघितलं. पहारेकऱ्याच्या पागोट्यात काही आहे का, मागच्या भिंतीवर काही लिहिलंय का. काही नव्हतं.

उन्हाळ्यात लेक आणि नात आल्या. ऑपरेटरनी हौसेनं मला लावलं. नात पंधरा वर्षांची, शहाणी मुलगी. तिनं अर्धा तास मन लावून बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आजोबा, यात हसायचं कुठे?"

ऑपरेटर समजावू लागले. "हे बघ, तेव्हा तलवारींचे सिनेमे असायचे ना…"

"ते आधी बघायला हवेत का?"

"ते आता कुठले मिळायला!" ऑपरेटर म्हणाले.

मलाही ते तेव्हाच कळलं. ज्या सिनेमांना मी वेडावून दाखवत होते, ते केव्हाच विस्मरणात गेले होते. मूळ माणूस मरून गेल्यावर त्याची नक्कल करणारा चौकात उभा राहावा, तशी माझी गत. लोक म्हणणारच, हा असा वेडंवाकडं का चालतोय?

घोड्याचा प्रसंग आला, तसं ऑपरेटरनी लेकीला विचारलं, "आई इथं का हसायची गं?"

लेक गोंधळली. "आई? आई हसायची यात? मला वाटायचं, तुमच्यासाठी बघते." मग वडिलांचा चेहरा बघून म्हणाली, "बाबा, हे मशीन टाकून द्या आता. फोनवर काढून देते तुम्हाला हाच सिनेमा." ती बराच वेळ फोनवर शोधत बसली. कुठेच सापडला नाही.

लेक आणि नात आपल्या घरी परतल्या. ऑपरेटर पुन्हा मला मागे-पुढे करत राहिले. फितीचा एकच तुकडा तुम्ही किती वेळा घासणार? पहारेकऱ्यावर आधी पांढऱ्या रेघा आल्या, मग ठिपके आणि एक दिवस त्याचं तोंडच दिसेनासं झालं. पडद्यावर नुसती भुरभुर, आणि तिच्यामागून तो गाणारा आवाज. ऑपरेटरनी मला बाहेर काढलं, झाकण उघडून फीत उजेडात धरली. आयुष्यभर फिल्म जोडलेल्या त्या बोटांनी किती हळुवार धरली म्हणून सांगू! पण फिल्मवर चित्र दिसतं, माझ्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यांनी मला परत मिटलं आणि मांडीवर घेऊन बसून राहिले. "मीच पुसला गं त्याला," असं कोणाला तरी म्हणाले. मला नव्हे.

त्यानंतर काही दिवसांनी बॅटरीमामा आले.

बॅटरीमामा त्याच सिनेमाघरात डोअरकीपर होते. अंधारात बॅटरी मारून लोकांना जागा दाखवायचे, म्हणून हे नाव. आता त्यांचीच नजर गेली होती. नातसुनेनं हात धरून जिना चढवला, खुर्चीत बसवलं आणि "दोन तासांनी येते हं आजोबा" म्हणून ती निघून गेली.

"बायको गेली आणि मला कळवलं नाहीस," बॅटरीमामा म्हणाले.

"कोणालाच कळवलं नाही रे," ऑपरेटर म्हणाले.

चहा झाला. बोलण्यासारखं फारसं उरलं नाही, तसं ऑपरेटर संकोचून म्हणाले, "सिनेमा लावू का? पण तुला…"

"लाव की. मी कुठे कधी सिनेमा बघितलाय? दाराबाहेर उभं राहून ऐकलेलेच सगळे."

मी सुरू झाले. झुंबर आलं, बॅटरीमामा गप्प. आणि मग घोडा खिंकाळला.

बॅटरीमामा खो-खो हसायला लागले. नेमके तिथंच. ऑपरेटर हातातला कप घेऊन तसेच उभे राहिले.

"का हसलास?"

"अरे, तोच घोडा!"

"कुठला तोच?"

"सगळ्या तलवारीच्या सिनेमांत एकच खिंकाळणं असायचं, ठाऊक नाही तुला? राजाचा घोडा असो, चोराचा असो, आवाज एकच. शेवटी एकच 'हीं हीं'. आम्ही बाहेर पैज लावायचो, आता येणार म्हणून. ऐक पुढे, इथं कोंबडीसुद्धा त्याच आवाजात ओरडते!"

ऑपरेटरनी ऐकलं. खरंच की. इतकी वर्षं कोंबडी त्यांनी बघितली होती, ऐकली नव्हती. केबिनमध्ये दोन मशिनींच्या खडखडाटात उभं राहून त्यांनी सगळे सिनेमे नुसते बघितलेच होते. आणि खाली तिकीट खिडकीत बसलेल्या त्यांच्या बायकोनं सगळे सिनेमे पातळ भिंतीतून नुसते ऐकले होते.

महाराणी पडली. बॅटरीमामा पुन्हा हसले. "आधी 'ढॅण्ण' वाजलं, मग राणी किंचाळली! खऱ्या सिनेमात आधी किंकाळी, मग 'ढॅण्ण'. हिला बिचारीला संगीत ऐकून चक्कर आली!"

ऑपरेटर हसले. बाई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. मग खुर्ची ओढून बॅटरीमामांच्या अगदी जवळ बसले. तिसरी जागा यायची होती.

पडद्यावर पांढरी भुरभुर आली. पहारेकरी गुणगुणायला लागला. वरच्या सुरावर आवाज फाटला. खाकरला. थोडा खालून पुन्हा सुरू झाला.

बॅटरीमामा हसले नाहीत. मान खाली घालून बसले.

"इथं काय आहे? सांग ना," ऑपरेटर म्हणाले. "ती इथं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची."

"वहिनींनी शपथ घातलीय मला."

"ती गेली रे आता."

बॅटरीमामांनी हाताची बोटं चाचपली. मग म्हणाले, "तू केबिनमध्ये गायचास."

"मी?"

"रोज. मशीन सुरू झालं की तुझं गाणं सुरू. तुला वाटायचं, एवढ्या खडखडाटात कोणाला ऐकू येतंय. पण रिळांच्या पेट्या दोरानं वर ओढायला तुझ्या केबिनच्या जमिनीला झडप होती ना, ती बरोबर तिकीट खिडकीच्या डोक्यावर. सगळं खाली यायचं. वरचा सूर लागायचा नाही. मग तू खाकरायचास आणि थोडा खालून धरायचास. अस्साच. वहिनी तेव्हा वहिनी नव्हत्या, खिडकीवरच्या बाई होत्या. मला खुणेनं बोलावून म्हणायच्या, 'ऐका मामा, आज स्वारी रंगात आहे.' तिकीट घ्यायला आलेलं माणूससुद्धा थांबून ऐकायचं."

ऑपरेटरचे कान लाल झाले. पंच्याहत्तरीचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा लाजला. "मला का नाही कोणी सांगितलं?"

"मी सांगणार होतो. वहिनी म्हणाल्या, 'नका सांगू. कळलं तर गायचे थांबतील.' लग्न झाल्यावरही तेच. सिनेमाघर बंद झालं त्या दिवशी तू रडलास, मी रडलो. त्या काय म्हणाल्या ठाऊक आहे? 'मामा, आता हे घरी गायचे नाहीत हो. घरी मशीन नाही.'"

पडद्यावर राजकन्या सरदाराला "बाहेर बसा, बोलावते" म्हणत होती. कोणाचंच लक्ष नव्हतं.

"एकदा म्हण म्हणाली असती," ऑपरेटर म्हणाले, "म्हटलं असतं मी."

"मग ते त्यांच्यासाठी म्हटलेलं झालं असतं. त्यांना ते तसलं नको होतं बहुतेक. मला काय ठाऊक! मी आपला दारावरचा माणूस."

नातसून आली. बॅटरीमामा तिचा हात धरून घरी गेले. ऑपरेटरनी मला बाहेर काढलं, पुसलं, खोक्यात घातलं आणि कपाटाचं दार लावलं. त्यानंतर मी मशीनमध्ये गेलेच नाही. आधी त्यांनी लावलं नाही, आणि मग एक दिवस मशीनच सुरू होईना. दुरुस्त करणारा म्हणाला, याचे पार्ट आता मिळत नाहीत.

आता मी टीव्हीच्या वरच्या फळीवर असते, बाईंच्या चष्म्याच्या घराशेजारी. माझ्यातला सरदार, सेनापती, तो माशी हाकलणारा शिपाई, सगळे आत गुंडाळून पडलेत. त्यांना पुन्हा उजेड दिसायचा नाही, हे मी ओळखून आहे. त्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. हसून झालं आहे आमचं.

तुम्ही कोणाशेजारी बसून काही बघत असाल आणि ते माणूस एकटंच हसलं, तर विचारा त्याला. "काही नाही" म्हणालं, तर पुन्हा एकदा विचारा. एवढंच माझं मागणं. अन् आतल्या खोलीत कोणी आपल्याच नादात गात असेल, तर ऐका. सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ. ऑपरेटर मोरीत कपबशी विसळत होते. नळ मोठा सोडला होता. आणि त्या पाण्याच्या आवाजात मला काहीतरी ऐकू आलं. ते गात होते. दबकत, चोरून, जणू कोणी पकडेल. वरच्या सुराला आवाज फाटला. ते थांबले. नळ बंद केला. दारातून खोलीत डोकावून बघितलं. खुर्ची, टीव्ही, फळीवर मी. मग खाकरले आणि नळ बंद असतानाच थोडं खालून पुन्हा सुरुवात केली.

मी जिवाचा कान करून ऐकलं. माझ्यात अजून फीत आहे, शेवटी कोरी जागासुद्धा थोडी आहे. पण सिनेमा भरून विकायच्या कॅसेटची कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी कारखान्यातच मोडून टाकतात. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा नवं काही उतरवता येत नाही.

गाणं मोठं होतं. त्यांनी पूर्ण म्हटलं.